चालत चढायचा घाट

चढ दिसला की चनवीर अण्णा सायकलवरून उतरायचे, शर्ट पँटमध्ये नीट खोचायचे, कॉलर सरळ करायचे, एक घोट पाणी प्यायचे आणि मग चढाला लागायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणी ओळखीचं येतंय समोरून. रस्त्यावर कुणीच नव्हतं. मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. त्यांनीच सांगितलं, "मोठ्या माणसाच्या घरी चाललोय, गबाळं जाऊन कसं चालंल?" मी हसले, पण ते हसले नाहीत. म्हणून मग मीही थांबले.

अण्णांचं सोलापूरच्या नवी पेठेत मॅचिंग सेंटर होतं. अस्तर, फॉल, परकराचं कापड. गिऱ्हाइकाने साडी पुढे केली की ते ती घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर जायचे, रिक्षावाले हॉर्न वाजवत असताना उन्हात धरून बघायचे आणि आत येऊन बरोबर तोच तागा काढायचे. दुकानात शंभर माणसांशी बोलून त्यांचं मन भरायचं नाही, म्हणून रविवारी सकाळी सायकलींचा ग्रुप. वीस-पंचवीस जण. त्यात मी सगळ्यात हळू चालवणारी आणि सगळ्यात कमी बोलणारी. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे माझं मराठी जरा कडक आहे. अण्णा म्हणायचे, "रेवव्वा, तुझं मराठी गणवेशासारखं हाय. इस्त्री मोडंल म्हणून तू बसत पण न्हाईस." माझं नाव रेवती. त्यांच्या तोंडी पहिल्या दिवसापासून कानडी वळणाचं रेवव्वा.

आमच्या राइड्स म्हणजे होटगी, मैंदर्गी, अक्कलकोट. रस्ते जवळजवळ सपाट, मध्ये एखादा लहानसा चढ. एका हिवाळ्यात सगळ्यांनी हट्ट धरला की यंदा घाट हवा. नेमकी त्याआधीच्या उन्हाळ्यात अण्णांची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी सपाटीवर हळू सायकल चालवायची परवानगी दिली होती, चढ मात्र बंद. त्यांचा मुलगा महेश पुण्यात नोकरीला. त्याने फोनवर, आमच्यासमोर, अण्णांकडून वदवून घेतलं होतं की ग्रुपच्या आधी रस्ता बघायला जायचं तर जा, पण चढ आला की सायकल हातात धरून चालायचं. अण्णा म्हणाले, "चालतो की रे बाबा. चालायला काय लागतंय?"

रस्ता बघायला त्यांनी मला निवडलं. ग्रुपमध्ये दोन जण रोज पन्नास किलोमीटर चालवणारे होते, त्यांना नाही. घरी आई म्हणाली, "अण्णांबरोबर ना? जा की." मला मात्र कळेना की हा मान आहे की चेष्टा. शनिवारी निघताना त्यांनी एवढंच सांगितलं की जोरात चालवणाऱ्याला चढ दिसतच नाही, मग तो बघणार काय?

तुळजापूरच्या बाजूला हमरस्ता सोडून आत शिरलं की टेकड्या सुरू होतात. एका फाट्यावर अण्णांनी एका मोटारसायकलवाल्याला थांबवून पुढे चढ आहे का विचारलं.

"चढ? कुटला चढ? सरळ रोड हाय की, काका!"

पुढच्या वळणावर रस्ता भिंतीसारखा उभा होता. अण्णा मागून ओरडले, "गाडीवाल्याला चढ विचारू नये! शेळीवाल्याला पण न्हाय, शेळीला चढ आवडतो. सायकलला दुधाचे कॅन लावलेला माणूस गाठावा."

"मग त्याला का विचारलंत?" मी धापा टाकत म्हणाले.

"तेवढंच बोलणं झालं की!"

कामाची रीत त्यांनी ठरवून दिली होती. मी चढ चालवत जायचं, वर थांबायचं. ते सायकल ढकलत मागून येणार आणि मी त्यांना चढ सांगायचा. पहिल्या चढावर त्यांनी विचारलं, "कसा हाय?" मी म्हणाले, "ठीक आहे."

"ठीक म्हणजे कुठला ठीक? आमच्या दुकानात ठीक नावाचा रंग न्हाय."

मी पुन्हा विचार केला. सुरुवातीला सोपा वाटतो, म्हणाले. मग वडाच्या झाडानंतर मांड्या भरून येतात, आणि वर पोचलो असं वाटतं तेव्हा अजून एक वळण निघतं, तेव्हा रडू येतं. हे शेवटचं बोलायचं नव्हतं, तोंडून गेलं. अण्णांनी डोळे मिटले होते. उघडून म्हणाले, "हां. आता चढलो बघ मी."

दिवसभर असंच चाललं. संध्याकाळी त्यांच्या बहिणीच्या गावी मुक्काम केला. मी इतकी बोलले होते की जबडा दुखत होता. पण मला प्रश्न पडला होता की हा माणूस खरंच ग्रुपसाठी रस्ता बघतोय, की माझ्या पायांनी चढतोय? आणि दुसरं असेल तर त्यात वाईट काय आहे, हेही कळत नव्हतं.

रविवारी सकाळी मुख्य घाट. लांब, वळणावळणाचा. मी दोनदा थांबत वर पोचले. कठड्यावर बसून खाली बघितलं तर अण्णांचा पांढरा शर्ट दिसला. काहीतरी चुकत होतं. शर्ट फार वेगाने येत होता. ते चालत नव्हते.

मी उभी राहिले. ओरडायचं होतं, पण काय? उतरा? ओरडले आणि ते दचकून पडले तर? धावत खाली जायचं? तेवढ्यात ते एका वळणाआड गेले आणि परत दिसले, हँडलवर वाकलेले. प्रत्येक पायडलला अख्खं शरीर खालीवर होत होतं. मी काही केलं नाही. नुसती बघत राहिले.

ते वर आले, सायकल कठड्याला टेकवली आणि जमिनीवर बसले. चष्म्यावर वाफ. बराच वेळ नुसता श्वास. मी पाण्याची बाटली पुढे केली. ओठ निळे पडलेत का, हे मी बघत होते, पण निळे ओठ कसे दिसतात हे मला माहीत नव्हतं.

"दुखतंय का? छातीत? हातात?"

"साकु," ते म्हणाले. म्हणजे पुरे. जरा वेळाने म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाय. म्हणून तर तुला आणलं. बाकीचे सगळे रेडिओ हायत."

म्हणजे मी हळू चालवते म्हणून नव्हे. मी बोलत नाही म्हणून. मला त्या क्षणी अभिमान वाटला आणि अपमानही वाटला. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं याचा विचार करत असतानाच माझा फोन वाजला. महेश. अण्णा घाटात फोन उचलत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

"रेवती, घाट झाला का? अण्णा चालतच चढले ना?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. विनंती नव्हती त्या नजरेत, दटावणीही नव्हती. दुकानात तागा काढून ठेवल्यावर गिऱ्हाईक काय म्हणतं याची वाट बघावी तसे बघत होते. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "चालवत आले."

पलीकडून महेश म्हणाला, "त्यांना तिथेच बसव. मी गाडीची सोय करतो." अण्णांनी हात पुढे केला, फोन घेतला आणि मुलाशी बोलायच्या ऐवजी तो बंद करून मला परत दिला. उठले आणि सायकल हातात धरून घाट उतरायला लागले. चालत. उतरायला डॉक्टरांची बंदी नव्हती, सायकलवर बसले असते तर ती आपोआप खाली गेली असती. मीही मागे चालत राहिले. ते रागावलेत, की दमलेत, की मला काही दाखवतायत? तळाशी महेशने पाठवलेली गाडी उभी होती. अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "सायकली नीट बांध रे. तिची आधी."

ग्रुपची राइड त्याच रस्त्याने ठरली. आदल्या आठवड्यात दुकानासमोर सगळे जमले तेव्हा अण्णा म्हणाले, "रस्ता रेवव्वा सांगंल. जिची जीभ सुटली तिनं बोलावं." सगळे हसले. मी पंचवीस माणसांसमोर एकेक चढ सांगितला, कान तापलेले. ही शिक्षा होती की बढती, मी आजही सांगू शकत नाही. राइडला अण्णा आले नाहीत. महेश त्यांना आणि काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, पुण्याला घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले तर पुतण्याला तागे दाखवत होते. मला पाहून म्हणाले, "खरं सांगितलंस, बरं केलंस. पण मला आवडलं न्हाय हां." आणि पुतण्याकडे वळले.

यंदा पावसाळ्यात अण्णा गेले. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या, पेपर वाचताना. कुठल्याही चढावर नाही. दिवसकार्य सोलापुरात झालं. महेश मला दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "तू तेव्हा सांगितलंस म्हणून आम्हाला एवढे दिवस मिळाले." मी मान हलवली. तसंच असेल.

चप्पल घालत होते तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली. काकू मैंदर्गीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला जवळ बसवलं.

"त्या दिवशी वर पोचले तेव्हा कसे दिसत होते गं? मला कधी सांगितलंच न्हाय त्यांनी."

मी सांगितलं. घामाने शर्ट चिकटला होता. तोंड उघडं होतं. जमिनीवर पाय पसरून बसले होते, लहान मुलासारखे. आणि श्वास सापडल्यावर आधी माझ्याकडे नाही, मागे वळून खालच्या रस्त्याकडे बघितलं आणि हसले.

"हसले?"

"हो."

काकूंनी पदराचा काठ सरळ केला. "मग का सांगितलंस गं महेशला?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला भीती वाटली, काकू."

"मला बी वाटली असती," त्या म्हणाल्या. मग माझा हात हातात घेऊन, अगदी मायेने म्हणाल्या, "पण मी सांगितलं नसतं."