आईचा हात, विटांचा खेळ आणि माझं साडेचार किलोचं यंत्र

आयुष्यात मी एकच यंत्र स्वतःच्या डोक्याने तयार केलं आणि त्याचं वजन साडेचार किलो भरलं. ते ज्या यंत्राच्या मदतीसाठी होतं, त्याचं वजन पाव किलोसुद्धा नव्हतं.

तेव्हा आम्ही बडोद्याला कारेलीबागेत, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर राहायचो. घरात मी, माझी बायको नंदा आणि आई. त्या वर्षी जूनमध्ये आई स्टुलावर चढून लोणच्याची बरणी उतरवायला गेली आणि पडली. पडताना तिने डाव्या हाताने बरणी छातीशी धरली आणि उजवा हात जमिनीला टेकला. बरणीचा टवकासुद्धा उडाला नाही. मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं. (“बरणी फुटली असती तर वर्षाचं लोणचं गेलं असतं. हाड काय, जुळतं,” असं ती रिक्षात मलाच समजावत होती!)

हाड जुळलं, पण प्लास्टर काढल्यावर बोटं वळेनात. सयाजीगंजातल्या हाडांच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला आणि स्वच्छ सांगितलं, “हा दिवसातून शंभर वेळा दाबायचा. दिवाळीपर्यंत बोटं मोकळी झाली नाहीत, तर पुढे अवघड आहे.”

आईने चेंडू घरी आणला आणि दिवाणाखाली सोडून दिला. “मी काय लहान आहे चेंडू खेळायला?”

तिचं खरं दुःख निराळंच होतं. तिला स्वतःचा अंबाडा स्वतःला बांधता येत नव्हता. रोज सकाळी नंदापुढे पाठ करून बसावं लागायचं. नंदा मायेने बांधायची, तरी आई तेवढा वेळ खिडकीकडे बघत गप्प बसायची. आमची आई गप्प बसते ही गोष्ट इतकी अघटित होती, की सकाळची ती पाच मिनिटं मला नकोशी व्हायची. मी सरळ अंघोळीला पळायचो.

अशात कपाटातून तो खेळ निघाला. माझा अमेरिकेतला भाऊ आदल्या वर्षी येऊन गेला, तेव्हा त्याची मुलं विसरून गेली होती. तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर, चार पेन्सिल सेल घालायचे, हिरवट पडदा आणि खाली बटणं. पडद्यावर वरून वेड्यावाकड्या विटा पडायच्या. त्या फिरवून फिरवून भिंतीत नीट बसवायच्या. आईने सहज दोन बटणं दाबून बघितली आणि दुपारचा चहा विसरली.

“अगं, तू लहान आहेस का खेळायला?” मी विचारलं.

“हा खेळ नाही. हे बांधकाम आहे,” आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

पण त्या निमित्ताने तिची बोटं हलत होती! आठ दिवसांत अंगठा थोडा वळायला लागला. अडचणी तीनच होत्या. पडद्याला दिवा नसल्यामुळे तिला विटा नीट दिसायच्या नाहीत, सेल भराभर संपायचे आणि दुखऱ्या हातातून खेळ सारखा निसटायचा.

शहाण्या माणसाने टेबललॅम्प लावला असता आणि खेळाखाली उशी ठेवली असती. मी इंजिनिअर होतो.

मी तेव्हा मकरपुऱ्याला वाफेच्या पाइपांचे व्हॉल्व बनवणाऱ्या कारखान्यात होतो. त्यामुळे मजबुतीची माझी कल्पना इतरांपेक्षा जरा वेगळी होती. शिवाय तो काळ असा, की नवं आर्थिक धोरण आलेलं आणि जो तो काहीतरी बनवून परदेशी पाठवायच्या गोष्टी करत होता. आमचे शेजारी हसमुखभाई, ज्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, ते तर उठता-बसता ‘एक्सपोर्ट क्वॉलिटी’ म्हणायचे. मी ठरवलं, या खेळाला असा एक जोडीदार करायचा, की स्टँड तोच, दिवा तोच, भिंग तेच आणि विजेची सोयही तीच!

“अहो, एक उशी देऊ का त्यांना?” नंदाने विचारलं.

“उशीने काय होणार?” मी म्हणालो आणि ड्रॉइंग काढायला बसलो.

कारखान्याच्या भंगारातून विकत घेतलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, मध्ये रबर आणि त्या रबरात गच्च बसवलेला खेळ. पट्ट्या आवळायला आठ नट. पाना शोधावा लागू नये म्हणून मुद्दाम बोटांनी फिरवायचे, दोन पंख असलेले नट घेतले. (एवढ्याशा खेळाला आठ नट कशाला, असा प्रश्न वाफेचं काम केलेला माणूस विचारत नाही.) वर आडव्या दांडीला भिंग आणि बल्ब. मागे सेलऐवजी घरच्या विजेवर चालवायचा डबा. बारीक बटणं आईला दाबायला त्रास नको म्हणून त्यांच्यावर सायकलच्या ब्रेकच्या दांड्या बसवल्या. दांडी ओढली की बटण दाबलं जायचं.

“पण बोटांना व्यायाम व्हायला हवा ना?” नंदा म्हणाली.

या प्रश्नाकडे मी तेव्हा का दुर्लक्ष केलं, हे मला अजून कळलेलं नाही.

हसमुखभाई बघायला आले. यंत्राभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, “जोरदार छे, वसंतभाई! पण आमां स्पीकर नाखी दो ने! बा ला मजा येईल!” आणि दुकानातून जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर घेऊनच आले. मग नंदाला खूश करायला मी औषधांच्या गोळ्यांसाठी सात कप्पे केले. आईसाठी चष्म्याचा खण केला. कोपऱ्यात जागा उरली, तिथे उदबत्तीचं घर केलं. (जागा वाया गेलेली मला बघवत नाही.)

उद्घाटनाला यंत्र गॅलरीतल्या टेबलावर ठेवलं. ते चहूबाजूंनी असं पसरलं होतं, की उचलायला मी आणि हसमुखभाई, असे दोघे लागलो. आई मांडीवर गोधडी घेऊन बसली. मी बटण दाबलं आणि स्पीकरमधून त्या खेळाची टिंगटिंग अशी काही निघाली, की तळमजल्यावरून हाक आली, “बंद करो ने भाई! छोकराओनी परीक्षा छे!” मी घाईघाईने आवाज कमी करायला गेलो, तर भिंगाची दांडी फिरली. नेमकी त्या दिवशी चार दिवसांच्या पावसानंतर उघडीप होती.

“वसंता, कापूर लावलास का रे?” आईने विचारलं.

“नाही. का?”

“मग धूर कशाचा?”

भिंगातून ऊन नेमकं गोधडीवर पडलं होतं! नंदाने तांब्याभर पाणी ओतलं. ते गोधडीवर, आईवर आणि यंत्रावर सारखंच वाटलं गेलं. यंत्रातून ‘फट्’ असा आवाज आला, आमचा फ्यूज उडाला आणि हसमुखभाई “मारे दुकाने जवानुं छे” म्हणत दुकान उघडायच्या दोन तास आधीच दुकानाला निघून गेले.

खेळ वाचला. गोधडीला रुपयाएवढं भोक पडलं. मी मान खाली घालून बसलो, तेव्हा ओल्या लुगड्यातली आई मलाच म्हणाली, “जाऊ दे रे. गोधडी जुनीच होती. यंत्र मात्र छान झालंय हो.”

मी ते खरं मानलं. आईवर माझा विश्वास होता.

यंत्र दुरुस्त करून मी आईच्या खोलीत कायमचं बसवलं. संध्याकाळी कामावरून आलो, की आई त्याच्यासमोर बसून दोन्ही दांड्या ओढताना दिसायची. कपाळावर घाम, डोळ्यांत बल्बचा उजेड. मी विचारायचो, “कसं वाटतंय?” ती म्हणायची, “झकास!” नंदा लगेच चहा आणायची. घरात एवढी एकी मी कधीच पाहिली नव्हती.

बघता बघता नवरात्र आलं. आमचे पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत होते. घरात त्यांची एक तलवार आहे, आणि खंडेनवमीला तिच्याबरोबर घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. आमच्याकडे नियम असा, की ज्याचं हत्यार त्याने ते स्वतः उघडायचं, पुसायचं आणि तेल द्यायचं. नंदा शिवणयंत्र पुसत होती. तलवार आणि पक्कड झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने माझ्या यंत्राला हात घातला.

पहिला नट फिरवला आणि थबकलो. नुसत्या बोटाच्या स्पर्शाने तो गरगर फिरत वर आला. दुसराही तसाच. आठही नटांचे आटे आरशासारखे घासले गेले होते. मी तर ते जेमतेम दोनदा उघडले होते! यंत्रांच्या बाबतीत मी कसाही असलो, तरी नट मला फसवू शकत नाहीत. हे नट कितीतरी वेळा उघडले गेले होते. मी वास घेतला. त्यांना चक्क खोबरेल तेल होतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुणीतरी माझं डिझाइन चोरत होतं!

मी तडक हसमुखभाईंना बोलावलं. “खरं सांगा. यंत्र उघडून मापं घेतलीत ना? एक्सपोर्ट करणार होतात ना?”

हसमुखभाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे. “वसंतभाई, आ फुकट द्याल तोय मारी दुकानमां नहीं राखुं! गिऱ्हाईक घाबरून जाईल!”

“मग नट कुणी उघडले?”

शिवणयंत्रावरचं फडकं थांबलं. नंदा पदराशी चाळा करत म्हणाली, “आई, आता सांगून टाका.”

“मी उघडले,” आई म्हणाली.

“तू? रोज?”

“अरे, काय करू? त्या दांड्या ओढून एक वीट धड बसेल तर शपथ! भिंगातून बघितलं की गरगरतं. तो दिवा डोळ्यांत जातो. म्हणून तू कामावर गेलास की मी खोबरेलाचं बोट लावून नट सोडवायची, खेळ बाहेर काढून सेल घालायची आणि खिडकीपाशी उशीवर ठेवून खेळायची.”

“आणि मी आल्यावर?”

“तुमची स्कूटर पाण्याच्या टाकीपाशी वळली की फटफट ऐकू येते,” नंदा म्हणाली. “मी गॅलरीतून सांगायचे, ‘आले!’ मग आईंची धांदल. तुम्ही स्कूटर लावून, कुलूप घालून वर येईपर्यंत आठही नट परत बसवायचे. आधी मी मदत करायचे. गेल्या आठवड्यापासून त्या एकट्याच बसवतात.”

“घाम यायचा तो त्याचा होय!” मी म्हणालो.

“तुला वाईट वाटलं असतं रे,” आई म्हणाली. “एवढं खपून केलंस. तुझ्या तोंडावर कसं सांगणार?”

मला हसावं की रडावं कळेना. आणि त्याच क्षणी माझं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं. अंबाडा जरा तिरका होता. डावीकडे झुकलेला, दोन आकडे बाहेर आलेले. नंदाच्या हातचा अंबाडा कधी तिरका नसायचा.

“आई, हा तू बांधलास?”

आईने उजवा हात वर नेऊन अंबाडा चाचपला आणि लाजून म्हणाली, “सकाळीच जमला. उद्या दसऱ्याला सांगणार होते.”

मला रडूच आलं. हसमुखभाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या. “शुं वात छे, बा!”

दसऱ्याला संध्याकाळी मी आईला घेऊन डॉक्टरांच्या घरी सोनं द्यायला गेलो. आपट्याची पानं घेताना डॉक्टरांनी तिचा हात धरला, बोटं वळवून बघितली आणि चकित झाले. “चेंडूने एवढं होत नाही. काय केलंत?”

“माझ्या मुलाने यंत्र केलंय,” आई ताठ मानेने म्हणाली. “त्यानेच हात बरा झाला.”

गोधडीला भोक पाडलेल्या मुलाबद्दल ती हे बोलत होती आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता! मी पुढे सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर पोटभर हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “मला पेशंटसाठी असं एक करून द्या. भिंग नको, दिवा नको, स्पीकर नको, उदबत्ती तर नकोच. फक्त पट्टी आणि आठ नट. यात बिघडण्यासारखं काही नाही.”

मी दोन रविवार खपून ते केलं. या वेळी कशातही कसर ठेवली नाही. डॉक्टरांनी ते एका हाताने उचलायचा प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी उचललं, टेबलावर ठेवलं आणि स्वतःचा खांदा चोळत म्हणाले, “फारच छान झालंय. हे आपण खांद्याच्या पेशंटला देऊ.”