तांब्याभर हवा

माशांना श्वास घ्यायला माणसाची मदत लागते, असं मानणारा अख्ख्या वाईत एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. फौजेतून सुभेदार होऊन परतले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे ऊस बघतील. यांनी ऊस दिला भावाच्या ताब्यात, आणि बैठकीच्या खोलीत काचेची टाकी मांडून तिच्यात पाण्यातल्या झाडांचं रान माजवलं. त्या झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. तो सुभेदार घरच्या गुळापासून काढतात! सरबताच्या बाटलीत गुळाचं पाणी, चिमूटभर बेकरीतलं यीस्ट आणि झाकणातून टाकीत सोडलेली सलाइनची नळी. हा गॅस कमी पडला तर झाडं मरगळतात, जास्त झाला तर मासे गुदमरतात. "समदा तोलाचा खेळ हाय बगा, मास्तर," एवढं म्हणून ते सुरू झाले की आपला चहा गार झालाच म्हणून समजा. अंधारात झाडं गॅस खात नाहीत, म्हणून वीज गेली की नळी बाहेर काढायची. आमच्या सत्यनारायणाला ऐन आरतीत वीज गेली, तर हा बाबा हातातल्या झांजांसकट घरी पळाला. "माजा दमा कवा इचारला न्हाई, आन् माशांचा श्वास मोजत्यात," असं काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, साऱ्या आळीला सांगतात.

त्यांच्या एकुलत्या लेकीला, शुभांगीला, बघायला औंधची मंडळी आली, तेव्हा पोहे खायला मीही होतो. स्थळ मोठं छान होतं. पाहुण्यांसमोर झाडं टवटवीत दिसावीत, म्हणून सुभेदारांनी सकाळीच बाटलीत नव्या गुळाचे मोठमोठे खडे कोंबले होते, वर यीस्टही मूठभर. पोह्यांच्या बश्या हातात येतायत तोच सगळे मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. सुभेदारांनी बशी ठेवली, नळी उपटली, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून टाकीतलंच पाणी तांब्यानं उचलून उंचावरून टाकीत ओतायला सुरुवात केली. पाहुण्यांकडे पाठ! काकूंनी कपाळाला हात लावला. मुलाचे वडील उठले. झालं, माशांपायी पोरीचं लग्न मोडलं, म्हणून मीही पोह्यांची बशी खाली ठेवली.

"सरका सुभेदार, हात भरून आलं आसतील तुमचं. द्या हिकडं," म्हणत मुलाच्या वडिलांनी बाह्या सरसावल्या. ते दमल्यावर नवऱ्या मुलानं तांब्या घेतला. इतका वेळ मान खाली घालून बसलेली शुभांगी न राहवून म्हणाली, "आवं, जरा वरनं वता की!" काकू पदराआड हसल्या. मासे खाली गेले आणि लग्न ठरलं.

पाठवणीच्या वेळी सुभेदारांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फौजी माणूस, म्हटलं.

परवा गेलो तर टाकीपाशी बसून तांब्यानं पाणी ओतत होते. मी घाबरून डोकावलो. मासे तळाशी मजेत हिंडत होते, पानांवर बुडबुडे चमकत होते.

"गॅस वाढला का काय?"

"न्हाई वं. पोरगी दिवसभर बडबडायची." तांब्या पुन्हा भरला. "पाण्याचा तरी आवाज ऱ्हाऊ दे घरात."

मी काकूंकडे दुसरा तांब्या मागितला.