समुद्रावरची येळवस

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. अंगात आलेल्या बायांना पाणी पाजून, बीपी बघून घरी पाठवलंय मी. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घरात बोलायची सोय नाही. विषय काढला की मुलगा म्हणतो, "आई, तू दमलीयस."

दमलेय, हे मात्र खरं.

आम्ही कळंबचे. आमचे हे पोस्टात होते. चार वर्षांपूर्वी यांचा विसरभोळेपणा सुरू झाला आणि बघता बघता सगळंच गेलं. शर्टाची गुंडी लावता येत नाही, घास तोंडात दिला तर चावा म्हणून सांगावं लागतं. आणि दीड वर्षात मला नावानं हाक नाही. "ओ बाई" म्हणतात, कामाला ठेवलेल्या बाईला म्हणतात तसं. चाळीस वर्षांचा संसार, आणि ओ बाई! खोटं कशाला बोलू, राग यायचा. आतल्या खोलीत जाऊन रडायचे, डोळे पुसून परत यांचे पाय धुवायला बसायचे. एकदा, फक्त एकदा यांनी "इंदू" म्हणावं, एवढंच देवाकडं मागणं उरलं होतं.

मुलगा प्रशांत पुण्याला असतो. त्यानं डिसेंबरात सिंगापूरहून निघणाऱ्या चौदा दिवसांच्या क्रूझचं बुकिंग केलं. "आई, तुलाही जरा बदल." बदल कसला डोंबलाचा! घरी हे फरशीवर घसरतील म्हणून जिवाला घोर, आणि तिथं तर पायाखालची जमीनच हलती. पण पोरानं हौसेनं केलंय म्हणून गेले.

नववा दिवस 'सी डे' होता. म्हणजे बंदर नाही, किनारा नाही, दिवसभर नुसतं पाणी बघायचं. सकाळी सहज मोबाइलमधलं पंचांग उघडलं. अमावस्या... आज येळवस!

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, तिच्यात पाच दगडांचे पाच पांडव मांडून पुजायचे, भज्जी-उंडे, म्हणजे मिसळभाजी आणि बाजरीचे गोळे खायचे आणि आंबील रानभर शिंपायची. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ, ताक आणि वरून लसूण. शिंपताना "ओलगे ओलगे" म्हणत जायचं. आमच्या रानात हा मान यांचा. नोकरीत होते तेव्हाही एक साल चुकवलं नाही. गेल्या वर्षी कुणीतरी यांच्यापुढं येळवशीचं नाव काढलं, तर हे अनवाणीच घराबाहेर पडले. चार तासांनी येडशीच्या रस्त्याला सापडले. म्हणून पंचांग बघितल्याबरोबर मी तोंडाला कुलूप लावलं आणि प्रशांतलाही बजावलं, बाबांपुढं अवाक्षर काढायचं नाही. त्या दिवशी आज काय आहे हे यांना कळायला काहीएक मार्ग नव्हता, हे लक्षात ठेवा.

दुपारी जेवणं झाली. प्रशांत आणि सूनबाई कसलासा शो बघायला गेले. मी यांना घेऊन सातव्या डेकवर सावलीत आरामखुर्च्यांवर बसले. पलीकडच्या खुर्चीत कोल्हापूरच्या सुमनताई विणत बसल्या होत्या. जहाजावरच ओळख झाली होती. यांनी उठून कुठं जाऊ नये म्हणून मी माझ्या पदराचं टोक यांच्या मनगटाला बांधलं, चांगली निरगाठ मारून. अडीच वाजले होते. पाच मिनिटं डोळे मिटते म्हटलं...

जाग आली तेव्हा सव्वातीन. पदर माझ्या मांडीवर नीट घडी घालून ठेवलेला. गाठ सुटलेली! मान वळवली, तर हे शेजारच्याच खुर्चीत बसलेले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि उजवा हात मनगटापर्यंत पांढरा. मी तो हात नाकाशी नेला. ताक... लसूण... ज्वारी. आंबील होती ती! अख्खा जन्म करण्यात गेला, तो वास मला चुकेल का?

कठड्याच्या कडेनं पार टोकापर्यंत पांढरे शिंतोडे पडले होते आणि एक कामगार ते पुसत येत होता. प्रशांत आला तर म्हणाला, "दही असेल गं आई." मी तशीच उठून जेवणाच्या हॉलमध्ये गेले. तिथल्या माणसाला मोबाइलमधला आमच्या रानातल्या ज्वारीचा फोटो दाखवला. त्यानं मान हलवली, असलं काही आमच्याकडं येतच नाही म्हणाला.

परत आले तर सुमनताई माझ्याकडं टकामका बघत होत्या. "अहो, तुमच्या मिस्टरांना काही आठवत नाही म्हणाला होतात की! चांगले उठले, गाठ सोडली, मला नमस्कार केला. हातात मातीचं बोळकं होतं. कुठनं आणलं ते काय मी बघितलं नाही बाई. सगळ्या कठड्यानं फिरले, काहीतरी शिंपडत, ओलगे ओलगे का काय ते म्हणत."

त्यांच्याकडं येळवस नसते. तो शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नव्हता. बोळकं आम्ही सगळीकडं शोधलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंदराला नेटवर्क मिळालं तसा धाकट्या दिरांना, बापूंना फोन केला. "समदं झाक झालं वैनी," ते म्हणाले. "फकस्त आंबील कमी पडली बघा. मडकं काठोकाठ भरून ठिवलं व्हतं, शिंपायला घेतो तर निम्मं! पोरासोरांनी पिली आसंल, दुसरं काय." किती वाजता म्हणून विचारलं, तर म्हणाले बाराचा सुमार. जहाजाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं होतं. म्हणजे तिथले बारा ते आमचे अडीच, माझा डोळा लागला ती वेळ.

डॉक्टरांना विचारलं. अशा पेशंटला कधीकधी घटकाभर लख्ख आठवतं म्हणाले. नर्स होते, मला ते माहीत आहे. गाठ सोडली, नमस्कार केला, मान्य. मनातल्या मनात तिथी लागली, तेही एक वेळ मान्य करते. पण आंबील कुठनं आली?

खरं सांगू? आंबिलीचं कोडं नाही सुटलं तरी चालेल मला. एक गोष्ट मात्र मी प्रशांतलासुद्धा सांगितलेली नाही. सुमनताईंचं ऐकून मी त्यांच्यावर ओरडले होते, चारचौघांत... "अहो, मग मला उठवायचं ना!"

त्या बिचाऱ्या गडबडल्या. "उठवणारच होते हो. त्यांनीच हात आडवा केला. म्हणाले, इंदूला झोपू द्या, लई दमलीय ती माझ्यापायी. मग तुमच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, किती तरी वेळ."

मी यांच्यापुढं खाली बसले. म्हटलं, "अहो, उठले मी. आता बोला." यांनी माझ्याकडं पाहिलं, अनोळखी माणसाकडं बघतात तसं, आणि भरलेला हात माझ्यापुढं केला, पुसून द्या म्हणून. मी पुसून दिला.

वर्ष होत आलं. पुन्हा काही हे भानावर आले नाहीत. बायका म्हणतात, दुपारची पडत जा गं जरा, तब्येत बघ किती उतरलीय. पण दुपारी मी आता झोपत नाही.