ब्रेकमधली हवा

आमच्या ह्यांनी उभा जन्म फौंड्रीत फिटर म्हणून काढला. त्यामुळं घरच्या जुन्या गाडीला परक्या माणसानं हात लावलेला त्यांना खपायचा नाही. प्लग साफ करणं, बेल्ट बदलणं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड गरम पाण्यानं धुणं, सगळं दारातच. मला मेलीला त्या गाडीचा भारी राग. रविवार उजाडला की हा माणूस गाडीखाली आणि मी गॅसपुढं!

रिटायर झाल्यावर त्यांचे हात जरा थरथरायला लागले. पोरगं पुण्यासनं यायचं आणि एकच धोशा लावायचं, "आबा, विकून टाका की. आता तुमच्यानं हुत न्हाय." गेल्या दिवाळीआधी ब्रेक मऊ लागायला लागला, तेव्हा ह्यांनी त्याला फोनवर ठणकावलं, "ब्रेक मीच करतो. रविवारी येऊन चालवून बघ. न्हाय लागला तर विक गाडी, मी हू का चू करणार न्हाय."

चाकांतली ब्रेकची रबरं त्यांनी नवी बसवली. राहिली फक्त ब्रेकमधली हवा काढायची, आणि ते काही एकट्याचं काम नव्हे. मी सीटवर, हे चाकापाशी पाना घेऊन. "दाब" म्हटलं की मी पेडल दाबायचं, "धर" म्हटलं की तसंच धरायचं, मग हे खालचा नट ढिला करणार आणि तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येणार. नट आवळून हे "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत शिरते. हे त्यांनी मला दहांदा बजावलं होतं.

तीन चाकं झाली. चौथ्याला आतनं मटण खाली लागल्याचा वास आला. पोरगा-सून यायची वेळ झालेली, आणि खालनं ह्यांचं आपलं, "धर गं, धर." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "मला काय गॅरेजात कामाला ठेवलीय व्हय? सगळा जन्म ह्या डबड्यापायी गेला माझा!" म्हणत पाय उचलला आणि ताडताड आत गेले. शेजारीण कठड्याला टेकून ऐकत होती. हे फक्त "अगं, थांब की" म्हणाले. राहिलेलं काम त्यांनी पेडलला काठी लावून उरकलं.

पोरानं गाडी गल्लीत काढली आणि पहिल्याच ब्रेकला पेडल खाली टेकलं. हँडब्रेक ओढत कशीबशी परत आणली त्यानं. मग कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं चारी चाकं बघितली. "मामांनी काम एक नंबर केलंय की! ह्या एका चाकात हवा राहिलीया, बास. पेडलवर कोण हुतं?"

"कोण न्हाय," हे म्हणाले. "काठी लावलेली. माझीच चूक."

मी दारातच उभी. "मी होते," एवढे दोन शब्द बोलायचे होते. एरवी गल्ली डोक्यावर घेणारी मी, पण त्या दिवशी दातखीळ बसली. सुनेपुढं कमीपणा नको वाटला, दुसरं काय! मिस्त्रीनं घटकाभरात हवा काढून दिली. पण पोरगं म्हणालं, "बघा आबा, म्हणून म्हणतोय." ह्यांनी दिलेला शब्द पाळला. आठवड्यात कळंब्याचं गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन गेलं.

आता नळ गळला तरी हे म्हणतात, "कुणालातरी बोलव. माझ्यानं न्हाय हुणार." मी म्हणते, "अहो, तुमच्यासारखं कुणाला येतंय?" तर नुसतं हसतात आणि पेपर उलटतात. माझी मला लाज वाटते. पोराला खरं सांगायचं म्हणून मी फोन लावते, आणि जेवलास का, थंडी हाय का तिकडं, एवढं विचारून ठेवून देते.

परवा असाच फोन ठेवला. पेपरातनं मान वर न काढता हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सांगू नको त्याला. उगंच तुला बोलंल."