तिरकं बंद

चाकणच्या आमच्या कंपनीत अवजड प्रेस मशीनला कुणी भीत नाही. भितात ते आमच्या सरांच्या हिरव्या पेनला. मशीनची इंग्रजी माहितीपुस्तकं तयार करणाऱ्या विभागात मी लागले, तेव्हा सर तिथले सर्वांत जुने. मूळचे इथल्याच गावातले, मराठी शाळेत शिकलेले. तरुणपणी ते आकुर्डीच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यामुळे इंग्रजी कळायच्या आधी त्यांना इंग्रजीचे खिळे कळले. शिशाचा पूर्णविराम बोटांतून निसटला की मालक फरशीवर बसवून शोधायला लावायचे. म्हणून विरामचिन्ह ही त्यांच्या लेखी हरवणारी, दुखावणारी आणि जबाबदारीने परत जागेवर ठेवायची वस्तू आहे. कँटीनच्या पाटीवर ‘फ्रेश’ हा शब्द अवतरणचिन्हांत रंगवला होता, तर त्यांनी आठवडाभर तिथला वडा खाल्ला नाही. “हे कुणीतरी म्हणतंय, म्हणून अवतरणात टाकलंय. कोण म्हणतंय ते आधी कळू द्या,” म्हणाले. वाढणारा म्हणाला, “मास्तर, मी म्हणतो ना!” “मग खाली सही कर.” वाढदिवसाच्या शुभेच्छांपुढे कुणी चार उद्गारचिन्हं टाकली, की ते आभारासोबत कळवत, ‘एक पुरे होतं.’

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे निगडीहून कंपनीच्या बसने पहिल्या दिवशी आले ती जरा ताठ मानेने. तासाभरात मान खाली गेली. सरांच्या पद्धतीप्रमाणे मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, प्रत्येक खुणेसकट, आणि समोर बसून त्यांनी संगणकावर त्या खुणा बसवायच्या. “कॉमा. अवतरण सुरू. तिरकं सुरू.” दारं उघडी, बाजूलाच शॉपफ्लोअरचा जिना, येणारेजाणारे हसायचे. मला चारचौघांत वेळ विचारायलाही घाम फुटतो. त्यातून एकदा अवतरण बंद करायचं विसरले, तर सर गरजले, “मॅडम, घरीसुद्धा दार उघडं टाकून निघता का?” त्या रात्री मी खरंच दाराची कडी दोनदा पाहिली. सहा महिन्यांनी मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. जसजशी ती तारीख जवळ आली, तसतसा माझा आवाज आत आत जात राहिला.

आमच्याकडे तिरकी, म्हणजे इटॅलिक, अक्षरं फक्त जिवाला धोका असेल त्या सूचनेसाठी. परदेशी ग्राहकाची माणसं यायच्या आदल्या दिवशी नवं पुस्तक छापून आलं आणि दुसऱ्या पानावरच्या सूचनेपासून शेवटपर्यंत सगळं तिरकं होतं. तेल कुठे घालायचं, कुठल्या फडक्याने पुसायचं, सगळंच जीवघेणं. मॅनेजरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये उभं केलं. “‘तिरकं बंद’ कोण विसरलं?”

मी विसरले नव्हते. मी म्हटलं होतं, पण इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नव्हतं. एवढं सांगायचं होतं. पण कायमपणाचा माझा कागद त्याच टेबलावर होता.

“पोरीनं बरोबर वाचलं,” सर म्हणाले. नेहमीची जपून बोललेली भाषा सुटून गेली होती. “मलाच ऐकू येत न्हाई, सायेब. दोन वरसं झाली. परत विचारायची लाज वाटती, मग अंदाजानं टाकतो.” गरजणारा तो माणूस भिंतीला हात टेकून उभा होता. इतके दिवस एकाच टेबलाशी आम्ही दोघं घाबरून बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

मी तेव्हाही गप्पच राहिले. पुस्तक पुन्हा छापलं. मी कायम झाले. सरांना खाली स्टोअरमध्ये सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधायला पाठवलं. तिथे कुणाचं ऐकावं लागत नाही. तीन आठवड्यांनी मी जिना उतरून गेले. हळू सांगून उपयोग नव्हता.

“सर, मी हळू वाचलं होतं! चूक माझी होती!”

स्टोअरमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. सरांनी हातातली चिठ्ठी नीट बांधली.

“ठाऊक होतं,” म्हणाले. “पण तुमचं कायम व्हायचं राहिलं होतं. माझं कधीच होऊन गेलंय.”

त्यांनी पुढचा भाग उचलला. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत फिरले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. फक्त त्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचं होतं.