कराचीचा नळ

याद्या करायची खोड मला आईकडून लागली. तिला मात्र कागद लागत नसे. पिंपरीच्या कॅम्पातल्या सार्वजनिक नळाखाली हंडा लावला की तिची यादी सुरू व्हायची. कराचीत नळ घरात होता. मोरीला पांढऱ्या फरशा होत्या. संडासात साखळी ओढली की पाणी यायचं. संध्याकाळी गॅलरीत समुद्राचा वारा यायचा. मग इकडची बाजू: बराकीतली एक खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा, संडासाला डबा घेऊन रांग. बेरीज ती कधी सांगत नसे. ती ऐकणाऱ्याने करायची.

मला कराची आठवत नाही. फाळणीनंतर बोटीने मुंबईला आलो तेव्हा मी कडेवर होते. आजोबा रत्नागिरीकडून पोटासाठी तिकडे गेलेले, वडील तिथेच जन्मले आणि तिथल्याच गोदीत फिटर झाले. कोकणात आमचं काही उरलं नव्हतं, म्हणून जिथे छप्पर मिळालं तिथे राहिलो. कॅम्पातल्या सिंध्यांच्या लेखी आम्ही मराठी, आणि गावातल्या मराठी लोकांच्या लेखी सिंधी. भाजीवाली आईशी मोडक्या हिंदीत बोलायची, आई तिला मराठीत उत्तर द्यायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी भाजीवालीची हिंदी तयारच असायची. आम्हाला निर्वासित म्हणून कुणी हिणवलं नाही. न हिणवताही काम भागत होतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिला रहाटणीचं स्थळ आलं. मुलगा आमच्या वडिलांबरोबर औषधाच्या नव्या कारखान्यात कामाला होता, घरी शेती, राहायला स्वतःचं घर. वडिलांना तो पसंत होता. ताईने त्याला बाजारात दोनदा पाहिलं होतं आणि ते फक्त मला सांगितलं होतं. हे लग्न तिला हवं होतं. इतकं, की पाहुणे येणार त्या रविवारी तिने बराकीसमोरची गटारसुद्धा धुऊन काढली.

मुलगा, त्याची आई आणि चुलते आले. खाटेवर चादर घातली होती, तिथे बसले. पोहे झाले. मग रीतीप्रमाणे प्रश्न. मूळ गाव कोणतं, तिथे कोण असतं, जमीन किती, भाऊबंद कुठले. प्रत्येक प्रश्नाला वडिलांकडे एकच उत्तर होतं, की आता तिथे कुणी नाही. चुलत्यांचा चेहरा उतरत चालला. ते आईने पाहिलं आणि तिच्याकडे जे होतं ते तिने पुढे केलं. नळ, फरशा, साखळी, विजेचा पंखा, घरापासून बाजारापर्यंत ट्राम.

चुलत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सरळ मनाने विचारलं, "येवढं समदं व्हतं तिकडं, तर मग आलात कशाला?"

वडील हसले. हा प्रश्न आला की ते हसायचे. ते हसणं मला अजून सलतं.

आई हसली नाही. मुलीच्या आईने जे कधी विचारायचं नसतं ते तिने विचारलं. तुमच्याकडे पाण्याची सोय काय?

"इहीर हाय की," मुलाची आई म्हणाली. "सोताची. बारमाही पानी."

"ओढतं कोण?"

"आत्ता मी वढते. उद्या सून वढंल."

त्यावर आईने मान हलवली आणि रिकाम्या बशा उचलल्या. पडद्यामागे ताई माझं मनगट धरून उभी होती. तिची नखं मला रुतली.

दुसऱ्या दिवशी नळावर आई आणि ताईचं वाजलं. आई म्हणाली, पोरीला दोर ओढायला धाडायचं म्हणून मी तिला एवढी वाढवली नाही. हाताची सालटी निघतील. ताई घरात कधी वर तोंड करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"आई, कराची आता दुसरा देश आहे. तिथला नळ दुसऱ्याचा आहे. ही विहीर आहे, पण त्यांची स्वतःची आहे. त्या घरात मला कुणी विचारणार नाही, तू कुठून आलीस म्हणून."

रांगेतल्या बायका ऐकत होत्या. आई हंडा उचलून निघून गेली. पण संध्याकाळी वडिलांना म्हणाली, होकार कळवून टाका.

होकार कळवायची वेळच आली नाही. कारखान्याच्या फाटकाशी चुलते वडिलांची वाट पाहत उभे होते. "पोर चांगली हाय, राव," ते म्हणाले. "पर नळाखाली वाढल्याली. इहिरीवर टिकायची न्हाई."

कराची सुटली तेव्हा ताई परकर नेसत होती. त्यानंतर घरातलं सगळं पाणी तिनेच वाहिलं. पाहुणे बसले होते त्या खाटेशेजारीच तिने भरलेले हंडे होते. मान वळवली असती तर दिसले असते.

पुढच्या वर्षी कल्याणच्या छावणीतलं एक कराचीचं मराठी कुटुंब मिळालं. आई सगळ्यांना सांगत होती, आपल्यातलीच माणसं आहेत, आणि दाराशी नळ आहे. ताईचं लग्न तिथे झालं.

पहिल्या दिवाळीला ती आली. आंघोळीआधी आई तिला तेल लावायला बसली. दंड झाले, तळहातांवर येऊन आईचा हात थांबला. दोन्ही तळव्यांवर घट्टे होते, दोराचे.

"नळ आहे ना गं?"

"आहे. पाणी येतंच असं नाही."

"मग?"

"विहिरीवरून आणते."

"कुणाच्या?"

"आहेत गावातले एक. त्यांचं भरून झालं की आम्हाला भरू देतात."

आईने वाटी जवळ ओढली आणि पुन्हा तेल लावायला लागली, त्याच तळव्यांवर, बराच वेळ. पुढे कुणी तिला कराचीबद्दल विचारलं तर ती म्हणायची, फार दिवस झाले, आता काही आठवत नाही. तिला सगळं आठवत होतं. मोरीतली कुठली फरशी तडकलेली होती तेसुद्धा.