वेंडेल यार्गरचं विसावं हरीण

शिकारीचा पहिला दिवस उजाडला की टॅनरी हॉलोमध्ये शाळेला सुट्टी, लाकडाच्या वखारीला सुट्टी, आणि न्हाव्याच्या दुकानाला कुलूप. त्या दिवशी दुपारी बाराच्या आत, शिकाऱ्यांची हरणं कापून देणाऱ्या डोरीन क्लोपच्या अंगणात एक जुना हिरवा ट्रक वळायचा. ट्रक थांबायचा, पण आतला माणूस लगेच उतरायचा नाही. आधी काच खाली व्हायची, मग नारिंगी टोपी बाहेर यायची आणि मग तो आवाज. "डोरीन! चर्चच्या जेवणाला पाहुणी आणलीय!" ट्रकच्या मागे हरिणी आडवी असायची. खांद्याच्या मागे एकच भोक, बोटाच्या पेराएवढं. आपापली हरणं घेऊन रांगेत उभे असलेले शिकारी माना लांब करून बघायचे, आणि कोणीतरी म्हणायचंच, "या म्हाताऱ्याला बंदूक लागते कशाला? नुसता खाकरला तरी जनावर जीव सोडेल."

असा प्रवेश वेंडेल यार्गरने एकोणीस वर्षं केला. एकदाही चुकला नाही. नट जातिवंत होता.

पोटापाण्यासाठी त्याने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला त्याने कधी ना कधी "खाली बस, नाहीतर उतर" असं दटावलं होतं. म्हणून सगळे त्याला अजूनही मिस्टर यार्गर म्हणत, दाढीमिश्या पांढऱ्या व्हायला लागलेलेसुद्धा. नव्या शिकाऱ्यांना परवान्याआधी जे शिक्षण घ्यावं लागतं, ते अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तोच द्यायचा. तिथे त्याचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. बोट वर करून तो सांगायचा, "एक गोळी. नेम पक्का नसेल तर चाप ओढू नका. हरीण उद्याही येईल. पोटात गोळी लागलेलं जनावर रात्रभर मरत असतं, आणि तुम्ही घरी झोपलेले असता. हे ज्याला चालतं त्याने मासे पकडावेत."

डोंगरापलीकडचा काचेचा कारखाना बंद पडला त्या वर्षी शिकाऱ्यांनी ठरवलं की ज्याला जमेल त्याने एक हरीण डोरीनकडे द्यायचं. तिने त्याचा खिमा करायचा, आणि मेथडिस्ट चर्चच्या तळघरात बुधवारी जे धान्य वाटतात त्याबरोबर तो वाटायचा. पहिलं हरीण दिलं वेंडेलने. तेव्हापासून त्याचा रिवाज ठरला होता: पहिलं हरीण चर्चचं, दुसरं घरचं. पहिल्यातलं फक्त काळीज, म्हणजे कलेजी, आणि हृदय तो घरी न्यायचा. त्याची बायको अर्लीन ते कांद्यावर परतायची, आणि त्या संध्याकाळी यार्गरांच्या घरावरून जाणाऱ्याला वासावरून कळायचं की म्हाताऱ्याने बाजी मारली.

विसाव्या वर्षी वेंडेल एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. त्याने अर्लीनला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम."

त्या वर्षी थंडी पडलीच नव्हती. पहिल्या दिवशी कोटाची बटणं उघडी टाकून शिकारी जंगलात गेले. सकाळभर वेंडेलला काहीच दिसलं नाही. बारा वाजून गेले. डोरीनच्या अंगणात आता लोक घड्याळ बघत असतील, हे त्याच्या मनात आलं, आणि तेच वाईट झालं. उतारावर एक हरिणी आली. बंदुकीवरच्या दुर्बिणीत तिच्या कडा दुधात भिजल्यासारख्या दिसत होत्या. चाप ओढू नका, असं ज्याने तीस वर्षं सांगितलं, त्याने चाप ओढला.

हरिणी पाठीची कमान करून, शेपूट खाली दाबून पळाली. त्याचा अर्थ त्याला कोणाला विचारावा लागला नाही. पोटात लागली होती.

तो अंधार पडेपर्यंत रक्त शोधत फिरला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, ओढ्याच्या काठी, फुगलेली. त्याने पोट उघडलं आणि तोंड फिरवलं. एवढ्या वर्षांत असा वास त्याच्या कोटाला कधी लागला नव्हता. काळीज हिरवट झालं होतं. ते त्याने पालापाचोळ्याखाली पुरलं. खरं तर सगळं जनावरच तिथे सोडायला हवं होतं. पण जंगलातून रिकाम्या हाताने कसं जायचं? लोक विचारतील. मग डोळा कळेल, मग हॉलमधला वर्ग दुसऱ्या कोणाकडे जाईल, मग राहिलं काय? म्हणून त्याने ती ट्रकमध्ये घातली, घरामागच्या गॅरेजमध्ये नेली, दार लावून घेतलं आणि कापायला बसला. वाईट दिसलं ते काढून टाकलं. मांडीच्या हाडाजवळ वास येत होता, तिथलं मांसही काढलं. उरलेलं त्याने दोनदा धुतलं. मग वास घेतला. मग पुन्हा घेतला. चांगलं आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वच्छ टबात भरलं, वर बर्फ घातला.

डोरीनचा नियम गावभर माहीत होता: दानाचं हरीण कातड्यासकट, अख्खं आणायचं. कापलेलं मांस ती कोणाचंही घेत नसे. मांडीच्या सांध्याशी सुरी घालून ती स्वतः हुंगायची, कारण मांस आंबतं ते आधी तिथे, हाडाला लागून.

"हे काय? कापून?" टबाकडे बघून ती म्हणाली.

"तुझ्याकडे बघ किती गर्दी आहे," वेंडेल म्हणाला. "म्हटलं, पोरीचे हात मोकळे करावेत."

"काल आला नाहीत. लोकांनी पैजा लावल्या होत्या."

"वयस्कर नट उशिराच येतो."

ती हसली. झाकण उचलून तिने नुसतं पाहिलं. "दुसऱ्या कोणी आणलं असतं ना, तर टबासकट हाकललं असतं. तुमचं आहे म्हणून," असं म्हणत तिने तो टब आत नेला.

घरी अर्लीनने कांदे चिरून ठेवले होते.

"काळीज कुठाय?"

"गोळी तिथेच लागली. उरलं नाही."

"आणि हृदय?"

"तेही."

"एका गोळीत दोन्ही? मग गोळी काय वळून आली होती का?" अर्लीनने सुरी खाली ठेवली. "बरं, मग मांस तरी? एक तुकडा?"

"यंदा सगळंच चर्चला दिलं. लोकांना गरज जास्त आहे."

अर्लीन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ते कांदे बटाट्यात घातले.

रविवारी चर्चमध्ये पास्टरबाई उभ्या राहिल्या. डोरीनने त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आपले वेंडेल यार्गर. विसावं वर्ष! आणि यंदा त्यांनी घरच्यासाठी घासभरसुद्धा ठेवलं नाही. सगळं देऊन टाकलं." आणि मेथडिस्ट चर्चमध्ये जे सहसा होत नाही ते झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाकावरच्यांनी वळून वाजवल्या.

टाळ्या ऐकायची वेंडेलला हौस होती. आयुष्यभर त्याने त्या कमावून घेतल्या होत्या. पण त्या दिवशी टाळ्या पडत होत्या आणि तो भजनाचं पुस्तक उघडून बसला होता, उलटं. कान तापले होते. चोरी पचलेल्या माणसाला सर्वांनी मिळून हार घालावा, तसं त्याचं झालं.

गाडीत बसल्यावर अर्लीनने किल्ली फिरवली नाही.

"एकच विचारते, वेंडेल. ते मांस चांगलं होतं, तर आपल्या फ्रीजमध्ये का नाही आलं?"

तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "धुतलं होतं मी. दोनदा."

"मी ते विचारलं नाही."

पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या निघून गेल्या. तेव्हा कुठे त्याने तिला सांगितलं: ओढा, हिरवं काळीज, डोळासुद्धा. अर्लीन रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे जे मला वाढायची तुला लाज वाटली, ते तू त्यांना वाढलंस." आणि गाडी सुरू केली.

सोमवारी सकाळी तो डोरीनकडे गेला. काच खाली केली नाही, हाक मारली नाही. पायऱ्या चढून आत गेला तेव्हा ती खिम्याचं यंत्र धूत होती.

"माझा टब कुठाय, डोरीन?"

"झाला की! काल दुपारीच पाच हरणांचं एकत्र दळून टाकलं. शंभर पाकिटं. गोठवलीसुद्धा." तिने त्याचा चेहरा पाहिला. "का?"

वेंडेलने टोपी काढली. एवढी मोठी भाषणं करणारा माणूस, पण तिथे त्याला चारच वाक्यं सुचली. पोटात लागली. रात्रभर पडली होती. हवा गरम होती. मला माहीत होतं.

डोरीनने नळ बंद केला. "एकत्र दळलंय," ती हळू म्हणाली. "कुठलं कुणाचं ते मला सांगता येणार नाही आता."

"हो."

"बाकीच्या चौघांची चांगली हरणं होती. ग्रोव्हने त्याच्या पायाला प्लॅस्टर असताना आणलं होतं." तिचा आवाज चढला. "आणि मी हुंगलं नाही! माझ्या बापाने मला आठव्या वर्षी शिकवलं, कुणाचंही असो, हुंगल्याशिवाय घ्यायचं नाही. कुणाचंही म्हणजे कुणाचंही. तुमचं होतं म्हणून मी तुमचा अपमान नको म्हटलं!"

"चूक माझी आहे, डोरीन."

"तुमची आहेच. पण माझीही करून ठेवलीत तुम्ही." तिने हात पुसले. "उचला. एकटे उचला सगळं. मी मदत करणार नाही."

त्याने शंभर पाकिटं एकट्याने ट्रकमध्ये भरली. प्रत्येकावर डोरीनच्या अक्षरात लिहिलं होतं, "हरणाचा खिमा, दोन पौंड." दुपारी त्याने ती कचऱ्याच्या डेपोवर नेऊन टाकली. तिथला माणूस म्हणाला, "वीज गेली होती का तुमच्याकडे?" हो म्हणणं किती सोपं होतं! वेंडेल म्हणाला, "नाही. मी खराब मांस दान केलं होतं." माणसाने फक्त फाटक जास्त उघडलं.

बुधवारी चर्चच्या तळघरात एक्केचाळीस घरांची रांग होती. पास्टरबाई म्हणाल्या, "आपण सांगू, यंदा मांस उशिरा येईल. तुमचं नाव कशाला?" त्यांचं मन मोठं होतं. पण वेंडेल टेबलाच्या शेवटी, जिथे मांसाची पेटी असायची तिथे, डब्यातले राजमे घेऊन उभा राहिला.

रांगेत रोशेल पेकरी होती. तिच्या लहानपणी ती त्याच्या बसच्या चौथ्या बाकावर बसायची. आता तिची स्वतःची तीन मुलं होती.

"मिस्टर यार्गर! तुम्ही इकडे? आणि खिमा?"

"नाहीये," वेंडेल म्हणाला. "माझं हरीण खराब होतं. मला माहीत असून दिलं. त्यामुळे सगळ्यांचंच टाकून द्यावं लागलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याने पुढे केलेला राजम्याचा डबा तिने घेतला, पिशवीत ठेवला.

"गेल्या वर्षी एका पाकिटात केस निघाले होते," ती सहज म्हणाली. "कातड्याचे. आणि त्याच्या आधी एकाला वास येत होता. मिरची जास्त घातली."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

रोशेलने त्याच्याकडे पाहिलं. बसमध्ये मुलं त्याला काही खुळचट विचारायची तेव्हा तो जसा पाहायचा, तसं. "देणाऱ्याला कोण सांगतं, मिस्टर यार्गर? पुढच्या वर्षी मिळायला हवं ना."

वेंडेलला एकोणीस हरणं एकदम आठवली. प्रत्येकाचं भोक आठवलं, रांगेतल्या शिकाऱ्यांची वाहवा आठवली. पण ती कोणी खाल्ली, चवीला कशी लागली, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. या तळघराच्या पायऱ्यासुद्धा तो आज पहिल्यांदा उतरला होता.

"मला सांग," तो म्हणाला. "यापुढे मला सांगत जा. तोंडावर सांग."

"बघू," रोशेल म्हणाली. ते हो नव्हतं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "ऑपरेशन करून घ्या डोळ्याचं. डबा देताना टेबलावर चाचपडत होतात."

ती निघून गेली. तिच्या मागे एक म्हातारा होता, काचेच्या कारखान्यातला, कानाने जरा कमी ऐकणारा. त्याने पेटीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"मांस नाही का आज?"

"नाही," वेंडेल म्हणाला. आणि म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून, ज्या आवाजात तो अंगणात शिरताना हाक मारायचा त्याहून मोठ्या आवाजात, त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. रांगेत अजून चौतीस माणसं होती.